कादंबरीतली माणसं फार जेवतात

मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे नाशिकला आली, तेव्हा तिच्या बॅगेत झबली कमी आणि रंग-पेन्सिली जास्त होत्या. पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांच्या खोक्यांवर जी चित्रं असतात ना, हिरवा घड, मागे डोंगर, ती माझी लेक काढते. नात झाली, सगळं छान पार पडलं. पण पंधराव्या दिवशी तिने मांडीवर कागद घेतला आणि रडायलाच लागली.

"आई, माझा हात गेला गं. द्राक्षं काढतेय, वाटाणे होतायत."

मी बघितलं. वाटाणेच होते, खोटं कशाला बोलू? डोक्यात दूध आणि लंगोट सोडून काही येतच नाही म्हणाली, संपलं आता चित्रबित्र. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, पण ओव्या रचायचे. ही झाली तेव्हा म्हटलं, पोर जरा मोठी होऊ दे, मग बघू. ते 'मग' यायला वीस वर्षं लागली. हिचं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला.

ती म्हणाली, काहीतरी चांगलं वाचलं तर सुचेल. एक जाडजूड कादंबरी आणलीच होती तिने. पण आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने वाचायचं नाही, डोळे अधू होतात. मोबाईलसुद्धा नाही.

"मग इअरफोन लावून ऐकते."

"कानातला कापूस काढायचा नाही. वारं शिरतं."

"डॉक्टर असं काही म्हणाल्या नाहीत."

"डॉक्टरांच्या कानात शिरलंय का वारं? त्यांना काय कळणार!"

शेवटी तोडगा निघाला. मी मोठ्याने वाचायचं. मोठ्याने म्हणजे चांगलं खणखणीत, कापसातून आत जाईल असं.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दुपारी वाचता वाचता पान उलटलं, तर नायकाने नायिकेला जवळ ओढलेलं, आणि पुढे दीड पान दोघं एकमेकांना सोडायला तयार नाहीत! बाहेर हॉलमध्ये हे पेपर वाचत बसलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेजारीण मेथी निवडतेय. आणि माझा आवाज भजनी मंडळासारखा लागलेला. मी पटकन म्हटलं, "आणि मग ते दोघं मिसळ खायला गेले."

"कुठे?" लेक म्हणाली.

"मखमलाबाद रोडला."

"आई, ते थंड हवेच्या ठिकाणी आहेत ना? धुक्यात?"

"धुक्यातून आले गाडी काढून. मिसळीसाठी येतात लोक."

मला वाटलं, एकदाच निभावायचं आहे. कसलं काय, तो लेखक थांबेचना! दर दहा पानांनी यांचं आपलं सुरू. मग मी त्यांना घोटीला मुरमुऱ्यांचा झणझणीत भत्ता खायला नेलं, गंगापूर धरणावर कणसं खायला नेलं. एक पान तर असं होतं, की मी घाबरून दोघांना पुरणपोळीच्या जेवणालाच बसवलं, वर कटाची आमटी वाढली.

शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काकू, त्या पोरीला दिवस गेलेत का हो? केवढं खातेय!"

हॉलमधून हे म्हणाले, "अगं, त्या माणसाला काही कामधंदा आहे की नाही?"

आणि एके दिवशी वाचता वाचता बघते, तर लेकीच्या हातात पेन्सिल! नात मांडीवर झोपलेली, आणि कागदावर नायिका, नाकाच्या शेंड्याला रस्सा लागलेला. नायकाचे नुसते केस दिसतायत, बाकी सगळा पावाच्या लादीमागे. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग रोज एक चित्र, कधी दोन.

अशात ती म्हणाली, "आई, पुस्तक दे जरा. तिच्या साडीचा रंग बघते."

"डोळे!" मी ओरडले, आणि पुस्तक नेऊन गव्हाच्या कोठीत टाकलं.

पण सव्वा महिना काय, संपायचाच. कानातला कापूस निघाला, आणि दळण काढायला म्हणून ती कोठीशी गेली, ती पुस्तक घेऊनच खोलीत शिरली. दोन तास बाहेर आलीच नाही. मी भांडी घासता घासता कान तिकडेच लावून. तिने रंगवलेली बाई त्या पुस्तकात नव्हतीच ना. आता ही परत पेन्सिल खाली ठेवणार, असंच मनात.

ती बाहेर आली.

"आई, यात मिसळ कुठेच नाही."

"आवृत्ती वेगळी असेल."

"आवृत्ती! आणि ही बाई अर्धं पुस्तक नुसती खिडकीशी उभी राहून रडतेय."

"हो ना. मलाही कंटाळाच आला होता."

तिने पुस्तक टेबलावर टाकलं आणि कोरा कागद ओढला. "तुझी कुठे गेली, ते सांग. पुरणपोळी खाऊन उठली, पुढे?"

आता माझ्या हातात पुस्तक नाही, समोर पान नाही. हात साबणाने भरलेले. खिडकीत शेजारीण मेथी सोडून पुढे वाकलेली. हॉलमध्ये ह्यांनी पेपरची घडी केली.

"उठली," मी म्हटलं, "आणि त्याला म्हणाली, आज भांडी तू घास."

हॉलमध्ये हे खाकरले. लेकीची पेन्सिल मात्र चालू झाली होती.