वऱ्हाड थांबवून झोपलेले शांतवनअण्णा

शांतवनअण्णा चहाची बशी ट्रकच्या बॉनेटवर ठेवायचे आणि इंजिन सुरू करायचे. चहा हिंदकळला नाही म्हणजे इंजिन ठीक, असं त्यांचं म्हणणं. श्रीरामपूरचा हा धिप्पाड ड्रायव्हर दिवसाला पंधरा-वीस चहा सहज रिचवायचा, पण दारूला शिवत नसे. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "च्या पिऊन मला माजी चूक दिसती. दारू पिली की तीच दुसऱ्याची वाटती."

माझं लग्न एकाहत्तरच्या वैशाखात झालं. आम्ही सोनईचे, मुलगी श्रीरामपूरची. वऱ्हाड अण्णांच्या ट्रकमधून सकाळी आठला निघायचं होतं. अण्णा उगवले नऊला. औरंगाबादेहून येताना ट्रक बिघडला होता, रात्रभर त्यांच्या हातात पाना. आल्या आल्या त्यांनी लागोपाठ तीन चहा घेतले. वऱ्हाड ट्रकमध्ये चढलं, मी मुंडावळ्या सावरत केबिनमध्ये बसलो, आणि अण्णा किल्ली काढून खाली उतरले.

"पाटील, मी न्हाई चालवत," ते वडिलांना म्हणाले. "डोळं उघडं हायेत, पन मगाशी घोडेगाव कवा मागं गेलं ते मला ठावं न्हाई. च्यानं डोळं उघडं राहत्यात, झोप भागत न्हाई."

वडिलांचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझे धाकटे चुलते, रंगनाथकाका, पुढे झाले. ते कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे, आणि पुतण्याच्या लग्नाच्या आनंदात त्यांनी सकाळीच घेतली होती. "आन किल्ली! पिल्यावर माजा हात लई साफ चालतो!"

आत्याने घाईघाईने त्यांना दोन कप कडक चहा पाजला. "उतरली बघा," ती म्हणाली.

अण्णांनी किल्ली खिशात घातली. "आक्का, च्यानं दारू उतरत न्हाई. हे मगाशी पेंगत हुते, आता जागे झाले, येवढंच. मी चालवायच्या लायकीचा न्हाई हे मला तरी कळतंय. ह्यांना तेबी कळंना."

"मुहूर्त चुकला तर?" काका ओरडले.

"चुकू द्या. माज्या नावावर घाला." अण्णांनी लिंबाखाली टॉवेल अंथरला. "दीड तास. वाजंत्र्यांना गप बसवा."

तो दीड तास मी कधीच विसरणार नाही. सगळं वऱ्हाड कुजबुजत बोलत होतं. आत्या पदराने अण्णांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. साफ हाताचे आमचे काका थोडा वेळ तावातावाने फेऱ्या मारून अण्णांच्याच शेजारी आडवे झाले आणि असे घोरू लागले, की सनईवाल्याने बोटाने सूर लागल्याची खूण केली. एक मावशी फिसकन हसली. मग सगळीच तोंडावर पदर-उपरणी धरून हसू लागली. घड्याळाकडे बघणाऱ्या वडिलांनाही शेवटी राहवलं नाही.

अण्णा उठले, तोंड धुतलं, चहा घेतला आणि गाडी काढली. मांडवात पोचलो तेव्हा मुहूर्त केव्हाच टळला होता. सासरे लालबुंद होऊन उभे. सगळ्यांच्या आधी अण्णाच त्यांच्यापुढे गेले आणि काही न लपवता सारं सांगून मोकळे झाले. "उशीर माज्यामुळं. झोपलो हुतो. पन सगळी मानसं धड आनली."

सासऱ्यांनी ट्रककडे पाहिलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आणि केबिनमधून डोकावणारे मुंडावळ्या बांधलेले जावई. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि मांडवाकडे वळून ओरडले, "भटजी, संध्याकाळचा मुहूर्त काढा!"

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गाडी चालवत होते तोवर आमच्या भावकीत लग्न ठरलं, की आधी एक माणूस श्रीरामपूरला जायचा, अण्णांची झोप कधी होते ते विचारायला. भटजींकडे तो मग जायचा.