मीठवाल्यापुढची फुली

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे 'जन्ममृत्यू नोंदणी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. मी त्यांना काका म्हणायचे. ते मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी चुका काढणारे, आणि मी कॉम्प्युटरवर पानं लावणारी. आमची टेबलं शेजारीशेजारी, मध्ये एक कपाट आणि त्यावर कायम मरायला टेकलेली एक कुंडी. खाली टायरचं दुकान होतं, त्यामुळे आमची पुस्तकं बाहेर पडेपर्यंत त्यांना रबराचा वास लागायचा. सोळा वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसले. गेल्या महिन्यात ते गेले. आता मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे, आणि ती मुळापासूनच सांगायला हवी.

आमच्या प्रकाशनाचा सगळा डोलारा एका मालिकेवर उभा होता. राजे, शाप, बर्फाचे डोंगर, बोलणारे घोडे, सगळा मालमसाला. दर दोनतीन वर्षांनी लेखिकाबाई एक भाग द्यायच्या. असे आठ भाग झाले होते आणि नववा, शेवटचा, यायचा होता. माणसं किती? सहाशे बारा. हे मी नाही, काकांनी मोजलंय. पहिल्या भागात सुताराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी सहाव्या भागात राजाची आत्या निघते. तोवर वाचणाऱ्याचं लग्न होऊन त्याला दोन मुलं झालेली असतात. त्याने ती म्हातारी कुठे आणि कशी लक्षात ठेवायची?

म्हणून काकांनी कार्डं करायला घेतली. एका माणसाला एक कार्ड: नाव, कुणाचा कोण, कुठल्या भागात काय करतो. मेला असेल तर नावाआधी लाल फुली. बुटांच्या खोक्यांत ती कार्डं उभी लावलेली असायची. त्यांची एक सवय होती. काही तपासायला कार्ड बाहेर काढलं की त्याच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकायची आणि मगच परत ठेवायचं. मी चिडवायचे, काका, कार्डाची हजेरी घेता का. ते म्हणायचे, कुणी कुणाला कधी शेवटचं पाहिलं हे माहीत असलेलं बरं.

पुढे मालकांनी त्या कार्डांचा कोश काढायचा ठरवला. मालिकेसोबत ठेवायचा कोश, अकारविल्हे, नकाशासकट. तेव्हा काही शहाण्यांनी नाकं मुरडली. कादंबरीला कुबड्या कशाला, म्हणे. मला अशा लोकांचा भयंकर राग येतो. यांच्या घरी चार माणसं, त्यातल्या दोघांशी बोलणं बंद, यांना काय कळणार सहाशे बारा माणसं सांभाळणं. ज्याला रोज दहा पानं वाचून झोपायचं असतं, ज्याचं वाचन दुखण्यापायी महिना महिना थांबतं, त्याला हातात हात देऊन परत आत नेणारं कुणीतरी लागतं. ते काम कोश करतो. बाकी त्याचा काही उपयोग नसेल, तर नसो.

असं वाचणारी एक बाई मी जवळून पाहिली. काकांची बायको, आमच्या काकू. त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. खिडकीपाशी पलंग, बाजूला घरघर करणारं ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. चार शब्द बोलल्या की थांबायला लागायचं. पण जीभ तिखट. मशीनला त्या 'सवत' म्हणायच्या, रात्रंदिवस घरात बडबडते म्हणून. काकांनी आणलेले मालिकेचे भाग त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या. त्यांचा जीव एका मीठवाल्यात अडकला होता. राजा नाही, योद्धा नाही, खेचरावर मीठ लादून गावोगाव फिरणारा एक साधा माणूस. तिसऱ्या भागात तो मुलीला सांगतो, बर्फ वितळायच्या आत येतो, आणि खिंडीत शिरतो. त्यानंतर पाच भाग त्याचा पत्ता नाही.

काकूंनी एकदा काकांच्या मागे लागून लेखिकाबाईंना विचारायला लावलं. बाई फोनवर हसल्या होत्या. येतो तो, शेवटच्या भागात येतो, सांगा त्यांना, असं म्हणाल्या होत्या. तेव्हापासून काकूंना कुणी तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं: मीठवाला आल्याशिवाय मी कुठे जात नाही. डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं होतं. त्यांनी तीन काढली.

कोशाचं काम नेमकं त्यांचं दुखणं बळावलं तेव्हा चालू होतं. काकू दवाखान्यात, काका बाहेरच्या बाकावर प्रुफं मांडीवर घेऊन बसलेले. मी कार्डांवरून मजकूर टाईप केला, पानं लावली, फुल्या सगळ्यात शेवटी एका दुपारी एकदम घातल्या. काकांनी बाकावर बसून तपासलं. कोश छापून आला तेव्हा काकू घरी परतल्या होत्या. त्यांनी तो उशाशी ठेवला तो ठेवलाच. आज हा कोण, उद्या ती कुणाची सून, दिवसभर बघत राहायच्या. फक्त मीठवाल्याचं पान त्यांनी कधी उघडलं नाही. त्याच्याबद्दल त्यांना काही शोधायची गरजच नव्हती.

कोशाचा सगळ्यात जास्त उपयोग मात्र लेखिकाबाईंनीच केला. ऐंशी वर्षं वय, हात कापायचा, आपलीच माणसं आठवेनात. नववा भाग त्यांनी भाचीला तोंडी सांगून लिहवून घेतला, आणि शेजारी कायम आमचा कोश. आधी त्या आठवड्यातून तीनदा काकांना फोन करून कुणाकुणाची चौकशी करायच्या. कोश आल्यावर फोन थांबले. आम्हाला कौतुक वाटलं.

मग हस्तलिखित आलं. काकांनी पहिल्यांदा काय शोधलं असेल ते सांगायला नको. दुपारपर्यंत ते पानं उलटत होते. मग त्यांनी माझ्यासमोर एक पान ठेवलं. मीठवाल्याची मुलगी राणी झाली होती. बापाचा देह खिंडीत सापडला होता, आणि त्याच्या थडग्यावर हात ठेवून तिने शपथ घेतली होती. पुढचं सगळं युद्ध त्या शपथेवर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाईंकडे गेलो. काकांनी फार हळू विषय काढला. बाईंनी ऐकून घेतलं, कापऱ्या हातांनी कोश ओढला, पान दोनशे चौदा काढलं आणि आमच्याकडे फिरवलं. मीठवाला, त्याच्याआधी फुली.

"तुमच्याच कोशात मेलाय तो," बाई म्हणाल्या. "मला तर वाटत होतं की मी त्याला परत आणणार होते. पण तुम्ही लिहिलंत म्हणजे मी कधीतरी मारला असेल."

बदलता येईल का, असं मीच विचारलं. बाईंनी मान हलवली. चार वर्षं लागली होती, आता पुन्हा तेवढी त्यांच्याकडे नव्हती. तो जिवंत ठेवायचा तर मुलगी राणी होत नाही, शपथ नाही, युद्ध नाही, पुस्तकच नाही. त्या चिडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. उलट काकांनाच म्हणाल्या, तुमच्यावाचून हा भाग झालाच नसता.

जिन्यात मी विचारलं, काका, हे झालं कसं? ते दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, माझ्याच हातून कार्डावर चुकून फुली पडली असणार, दवाखान्याची गडबड होती. मी जिना उतरत राहिले. आतून मात्र पेटले होते.

मग काकांनी आयुष्यातली एकमेव लबाडी केली. चार पानं स्वतः लिहिली. राणीचा बाप जिवंत आहे, ज्याचं थडगं बांधलं तो दुसराच कुणी, बर्फ वितळताना तो खेचर घेऊन दारात येतो, एवढंच. मी तशाच टायपात पानं लावली, बाइंडरला गळ घालून एका प्रतीत ती शिवून घेतली. कोश लपवा म्हणून मी त्यांना दहादा सांगितलं. ते म्हणाले, तो उशाशी नसला तर ती पुस्तकाआधी कोशच मागेल.

त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी होते. काकू त्या पानांवर आल्या. खूप सावकाश वाचलं. एकदा हसल्यादेखील. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी पुस्तक छातीवर उपडं ठेवलं, कोश घेतला आणि पान दोनशे चौदावर पहिल्यांदाच बोट ठेवलं. मशीन घरघरत होतं. काका खिडकीतून खाली बघत होते, खाली बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"हे तुम्ही लिहिलंय," काकू म्हणाल्या.

"नाही गं, बाईंचंच आहे. कोशात चूक झालीय."

"तुमच्या कोशात?" त्या दम घ्यायला थांबल्या. "छत्तीस वर्षं बघतेय तुम्हाला. तुमची चूक नसते अशी. मेला तो. उगाच माझं मन राखू नका."

काकांनी शपथा घेतल्या. खरंच चुकलंय म्हणाले, हात जोडले. त्यांचा पटेल असा एकही शब्द नव्हता, कारण जन्मभर त्यांनी कधी चुकीचं काही सांगितलंच नव्हतं. काकूंनी कोश मिटला आणि उशाशी न ठेवता माझ्या हातात दिला. मला म्हणाल्या, घेऊन जा, माझं झालं बघून.

अकरा दिवसांनी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं काढली हेच खूप. असेलही. मी डॉक्टर नाही.

आठवड्याने काका ऑफिसात आले, टेबल पुसलं, प्रूफ मागितलं. मला राहवलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे.

"काका, तुम्ही एक फुली नीट घातली असती, तर काकू निदान वाट बघत तरी गेल्या असत्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो," म्हणाले. "माझंच चुकलं." आणि काम सुरू केलं.

त्यानंतर ते सहा वर्षं माझ्या शेजारी बसले. नवं कार्ड त्यांनी केलं नाही. मी मनातला राग सोडला नाही. तो दिसू दिला नाही एवढंच, आणि ते तरी कितपत जमलं कोण जाणे. कोशाची दुसरी आवृत्ती निघालीच नाही. मालक म्हणाले, आता लोक फोनवर बघतात. आहे त्या प्रती टायरच्या दुकानामागच्या गोदामात पडल्या. काका निवृत्त झाले, घरी एकटे राहिले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा करून दिला आणि माझ्या पोरीच्या शाळेची चौकशी केली.

ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने बुटांची खोकी ऑफिसात आणून टाकली. तुमचं असेल तर ठेवा, नाहीतर रद्दीत, म्हणाला. मी सहज बसले उघडून. सहज कुठलं, मी तेच शोधत होते.

मीठवाल्याचं कार्ड स्वच्छ होतं. काकांच्या ठसठशीत अक्षरात: 'तिसऱ्या भागात बर्फाच्या खिंडीत शिरतो. पुढे उल्लेख नाही. परतणार, बाईंचा शब्द.' फुली नाही. खाडाखोड नाही, काही पुसल्याची खूण नाही. त्याच्या मागचं कार्ड मुकादमाचं, त्याच भागात पुलावरून पडून मेलेला एक मुकादम. त्याच्यावर लाल फुली होती. मी कोश काढला, काकूंनी माझ्या हातात दिलेलाच. पान दोनशे चौदा. मीठवाल्यापुढे फुली, आणि खालच्या ओळीत मुकादम, बिनफुलीचा, ठणठणीत. सगळ्या फुल्या मी एका दुपारी घातल्या होत्या. त्यातली एक फुली चुकून एका ओळीने वर गेली होती. मुकादमाची वाट कुणीच बघत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

मी मीठवाल्याचं कार्ड उलटं केलं. कोपऱ्यात पेन्सिलीच्या तारखा, एकाखाली एक. शेवटची तारीख मला पाठ आहे. आम्ही बाईंकडून परत आलो, तो दिवस. त्याच संध्याकाळी त्यांनी कार्ड काढून पाहिलं होतं. म्हणजे काकूंपुढे हात जोडताना त्यांना माहीत होतं. मी ते वाक्य बोलले तेव्हाही, पुढची सहा वर्षं शेजारी बसतानाही, आणि घरी चहा करून देतानाही. तपासताना सुटलं ते आपलं, एवढाच हिशेब त्यांनी धरला असेल, आणि माझा वाटा मला कधी दाखवला नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसून रडले. ते ऐकायला आता कुणी नाही.

मग मी लाल पेन घेतलं. मुकादमापुढे फुली घातली. मीठवाल्यापुढची खोडायला गेले आणि हात थांबला. नववा भाग छापून आठ वर्षं झालीत. त्याची मुलगी त्याच्या थडग्यावर हात ठेवून राणी झालीय. ती फुली आता बरोबर आहे.