भाऊजी, तुम्ही अडुसष्ट युनिट

माझ्या मेहुण्याइतका मोजमापाने झपाटलेला माणूस यमुनेच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडणार नाही. बायकोचा हा धाकटा भाऊ पुण्याहून गुडगावच्या कंप्युटर कंपनीत लागला आणि तिथल्या आमच्या भाड्याच्या घरात उतरला. मी टाइल्सचा दुकानदार, वारात बोलतो, इथले जागेचे दलाल गजात, आणि हा युनिटात! त्याच्या कंप्युटरवरच्या बंदूकबाजीच्या खेळात ना फूट, ना मीटर. सगळं जग युनिटांचं. एक युनिट म्हणजे किती इंच, या प्रश्नापायी त्याचा चहा रोज गार व्हायचा. शेवटी खेळातला बहात्तर युनिटांचा शिपाई सहाफुटी माणसाएवढा धरून त्याने हिशोब बसवला, आणि घरात त्याच्या मापातून काही सुटेना. मला भिंतीशी उभं करून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही अडुसष्ट युनिट. शिपायापेक्षा चार कमी!"

मी भडकलो. "त्या शिपायाला म्हणावं, माझ्या दुकानात येऊन भाव करून दाखव!"

त्याचा नियम एकच : आधी माणूस मोजायचा, मग भिंती.

तेव्हा गुडगावात शेतांतून टॉवर उगवत होते, आणि टाइल्स विकून साठवलेलं सगळं मी एका फ्लॅटवर लावायला निघालो होतो. बिल्डरचा सजवलेला नमुना फ्लॅट पाहून बायको हरखली. "अहो, केवढी ऐसपैस खोली!" तेवढ्यात हे महाशय बूट काढून पलंगावर आडवे झाले. पोटऱ्यांपासून पाय बाहेर!

"भाऊजी, इथलं युनिटच वेगळंय! खोली मोठी नाही, पलंग छोटा बनवलाय. कपाट, सोफा, सगळंच!"

"अरे सर, उठिए ना, ये सिर्फ शो के लिए है," सेल्समन गयावया करू लागला.

मग मी जो सुरू झालो! बांधकामावरचे मजूर हातातली घमेली ठेवून ऐकत राहिले. त्या फसवणुकीचा राग मला आजही आहे. पण त्याच रागाच्या जोरावर, नमुन्यातल्या फ्लॅटच्याच किमतीत, मी कोपऱ्यावरचा मोठा फ्लॅट पदरात पाडून घेतला. एका खोलीत खास मेहुण्याच्या मापाचा पलंग करवला. पाय ताणूनही जागा उरेल असा.

आम्ही राहायला जाण्याआधीच त्याला अमेरिकेत नोकरी लागली. पलंगावर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. परवा फोनवर त्याला डिवचलं, "काय रे, तुझा शिपाई तिथून चालत निघाला, तर या पलंगापर्यंत पोचायला किती वेळ लागेल?"

कशाचंही युनिट काढणारा तो माणूस हळूच म्हणाला, "तेवढं नाही मोजलं, भाऊजी."

मीही आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता फोन ठेवला.