कट्ट्यावरून उचललेली देवी

मंडळी, आज दुपारी जे. पी. नगरातल्या एका चित्रप्रदर्शनात दिवे बसवायला गेलो होतो. विषय पर्यावरण. झाडाची सालं, बाटल्यांची झाकणं आणि हिरवा लगदा, सगळं एका जुन्या चौकटीत चिकटवलेलं. काय काढलंय ते कुणालाच कळत नव्हतं, पण माना सगळेच डोलवत होते.

चौकट मात्र मी ओळखली. आईच्या भवानीची! काच तडकली म्हणून रिवाजाप्रमाणे मीच ती हळदकुंकू लावून पिंपळाच्या कट्ट्यावर ठेवली होती. पुजारी अशा तसबिरी जमवून विसर्जन करतात.

चित्रकार बाई पुण्याहून इथे आलेल्या. विचारलं, "अक्का, ही कुठून आणली?"

"सापडली! लोक झाडाखाली किती कचरा टाकतात, बघा ना."

"आतली देवी?"

"तो कागद? भिजवून लगदा केला. हिरव्या रंगात छान मिसळलाय, नाही?"

झाडं वाचवायला निघालेल्या या बाई, आणि झाडाखाली लोक काय ठेवतात ते विचारायचीही गरज वाटली नाही! त्या चित्रावरचा दिवा न लावताच मी निघालो.

आई रोज विचारते, "पुजाऱ्यांनी देवी नेली का रे?"

आत्ता घराच्या दाराबाहेर उभा राहून हे लिहितोय. तुम्ही आत जाऊन काय सांगितलं असतं?