जुने मणी, आईची सुई

विधवेच्या बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका अशी पत्रकं वडील छापायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. वडील गेले तेव्हा आईच्या बांगड्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही. वाटलं, आम्ही जिंकलो.

गुजरी पेठेतल्या सराफांनी वाईट शब्द काढला नाही. त्यांनी फक्त काम पाठवायचं बंद केलं. आई मंगळसूत्रं गाठवायची. आता तिच्या हातची पोत नव्या नवरीच्या गळ्यात कोण घालणार?

गेल्या हिवाळ्यात एका संग्रहालयातून बोलावणं आलं. नदीकाठच्या खोदकामात सापडलेले काचेचे मणी मांडणीसाठी ओवून हवे होते. आई खुलली. "आता गुजरी किती दिवस नाक मुरडंल?"

मोहरीएवढे मणी. निळे, काळे, विटकरी. काहींवर मातीचा पांढरा थर. आईने ते रंगांप्रमाणे लावून ओवले. माळ काचेच्या कपाटात गेली आणि खाली पाटी लागली : 'प्राचीन स्त्रियांचे सौभाग्यलेणे'.

मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं, "हे विधवांनी, पुरुषांनी, पोरांनी घातले नसतील कशावरून?"

"तसं खात्रीनं नाही सांगता येत," ते हसले. "पण लोकांना पटकन कळतं."

"पाटीसंगं कशाला भांडतीस?" आई म्हणाली. "माळंचा फोटो काढ चांगला."

तो फोटो घेऊन आम्ही तिच्या जुन्या सराफाकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, फोटो मोठा करून पाहिला.

"झकास, वहिनी! हात अजून तसाच हाय की."

"मग द्या की पोत गाठवायला. लग्नसराई हाय."

त्यांनी फोन परत दिला. "वहिनी, ते मेलेल्या माणसांचं. जित्याच्या गळ्यातलं निराळं असतंय. मी मानत न्हाय हो, पण गिऱ्हाईक विचारतंय, कुणी गाठवलं."

मी तोंड उघडलं. आईने पायाने माझा पाय दाबला.

"असं करा," त्यांनी काउंटरवरच्या प्लास्टिकच्या पुतळ्याकडे बोट केलं. "हिची पोत तुटलीया. खोटीच हाय. तेवढी बसल्या बसल्या द्या करून."

आईने पिशवीतून सुई काढली, चष्मा लावला.

"ऊठ, आई," मी म्हणाले.

"उजेडातनं बाजूला हो," ती म्हणाली.