फर्स्ट डिव्हिजन

जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरच्या लाइनीत डिव्हिजन म्हणजे मार्कशीटवरची. साठ टक्क्यांच्या वर फर्स्ट, खाली सेकंड, आणि थर्ड आली की पोरगी तोंड लपवून फिरणार. माझे बाबा कारखान्याची बस चालवतात. अकरावीत कोडिंगच्या स्पर्धेचा फॉर्म आला, तो त्यांनी मोठ्या हौसेनं माझ्या आधीच भरून टाकला. डिव्हिजन वन. "दहावीत फर्स्टच भेटली होती ना तुले?"

तिथं सगळी उलटी गंगा. थ्री नवख्यांची, वन कोडिंग कोळून प्यायलेल्यांची. मी आत्ता कुठं लूप लिहायला शिकले होते. थ्रीतल्या पहिल्या दहा जणांना नागपूरला फुकट शिबिर होतं. थ्रीचे जुने पेपर मी सोडवून पाहिले होते, माझा नंबर लागण्यासारखा होता. पण एकदा भरलेला फॉर्म बदलत नव्हता.

असा राग आला की मोबाईल आपटावा. पण तोवर बाबांनी सकाळच्या पाळीच्या अख्ख्या बसला सांगून टाकलं होतं. शेजारच्या काकू पेढे मागायला दारात. त्यांना समजावायला गेले, तर म्हणाल्या की थर्ड सोपी हे कोणालेही ठाऊक आहे, म्हणून तर तू फर्स्टमधी आहेस. घ्या! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

स्पर्धा घरूनच होती, तीन तासांची. मला पहिला प्रश्नसुद्धा कळला नाही. उठून जावं तर दाराशी बाबा स्टूल टाकून बसलेले, कोणी आत येऊ नये म्हणून. तीन तास मी नुसती कीबोर्ड वाजवत राहिले, त्यांना आवाज यावा म्हणून. शून्य मिळाले. त्यांनी मार्क विचारलेच नाहीत. फर्स्टवाल्यांसंग बसली, एवढ्यावरच खूश.

बारावीत फॉर्म मी स्वतः उघडला. बोट थ्रीवर गेलं आणि मागून बाबा वाकले.

"थर्डमधी काहून, बेटा? अभ्यास जमून नाही राहिला का?"

रागावले असते तर मी भांडले असते. त्यांना काळजी वाटत होती. खरं काय ते सांगितलं असतं, तर मागचं शिबिर त्यांच्यामुळे हुकलं, हेही सांगावं लागणार होतं. ते माझ्यानं होईना.

चुकून थ्री दाबत होते, असं मी म्हणाले, आणि वन निवडलं. बारावीनंतर त्या स्पर्धेत बसता येत नाही.