अंगठ्यावरचा दाब

"मॅडम, त्यांचं यंत्र कुठं चुकायलंय ते सांगूनच मी जागा मागणार."

रेखा माझ्या केबिनमध्ये उभी होती. कलबुर्गीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बायोमेडिकल शिकवते. रेखा मुडबी गावच्या शेतकऱ्याची मुलगी. तिची पीएचडी माझ्याच हाताखाली झाली. आता तिला पोस्टडॉक हवा होता. म्हणजे पीएचडीनंतर एखाद्या मुरलेल्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काही वर्षं करायचं पगारी संशोधन. जाहिरात निघतेच असं नाही. बरेचदा आपणच मेल करून विचारायचं. रेखानं पुष्कळ मेल केले होते. उत्तर एकाचंही नव्हतं.

इकडे प्राचार्यांनी तिला कॉलेजातच कायमची नोकरी देऊ केली होती.

तिचा विषय मधुमेही माणसांचे पाय. पाय बधिर होतात, टोचलेलं कळत नाही, जखम चिघळते, कधी बोट कापावं लागतं. परदेशातल्या एका लॅबनं बुटात घालायचा इनसोल, म्हणजे सेन्सर बसवलेला पातळ तळ, तयार केला होता. दाब वाढला की मोबाइल वाजतो. रेखानं त्यांचे पेपर वाचून तसाच तळ बनवला आणि चपलेवर चिकटवला. पहिला प्रयोग घरी, वडिलांवर.

"माझ्या पायात तारा कामून घालायलीस?"

"अप्पा, तुम्ही कसं चालताव ते बघायलेय."

"जन्मभर चालायलोय, आता बघायलीस व्हय!"

पुढं रीतसर परवानगी काढून दवाखान्यातल्या पेशंटवर चाचण्या झाल्या. चप्पल निसटू नये म्हणून माणूस ती अंगठ्यानं आवळून धरतो. दाब तिथं येतो. त्या इनसोलमध्ये अंगठ्याखाली सेन्सरच नव्हता. मोबाइल गप्प राहायचा.

हे सगळं तिनं त्या लॅबला कळवलं. उत्तराची वाट बघत असतानाच प्राचार्यांनी नोकरीसाठी दिलेली मुदत संपली.

"हातातली नोकरी सोडतेस?" त्यांनी विचारलं.

"सर, आत्ता घेतली तर हे काम हितंच थांबतंय. न्हाई घेत."

मी शेजारीच बसले होते. तिचा आवाज हलला नाही.

लॅबकडून बोलावणं आलं तेव्हा त्या नोकरीवर दुसरा माणूस रुजू झाला होता. मुलाखत व्हिडिओवर, माझ्याच केबिनमधून. त्या लॅबचे प्रमुख शास्त्रज्ञ इंग्रजीत म्हणाले, "म्हणजे आमचं डिझाइन चूक आहे?"

"बुटासाठी बरोबर आहे. आमचे पेशंट बूट घालत नाहीत."

"मग काय करायचं?"

रेखानं पायातली चप्पल काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. आमच्याकडं कुणाला चप्पल दाखवणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून बरं. "सेन्सर इथं हवा," तिनं अंगठ्याची जागा दाखवली. "आणि चाचण्या आमच्याकडच्या गावांत व्हायला हव्यात."

ते पुढं झुकून बघत राहिले. मग म्हणाले, "जरा जवळ धरा."

जागा तिला मिळाली. करारात कलबुर्गीतल्या चाचण्याही आल्या. त्या कामासाठी ती दरवर्षी येते, आणि गावोगाव माणसांना चालायला लावते.

विद्यार्थी अजूनही सजवलेला बायोडेटा घेऊन माझ्याकडं येतात. मी तो बाजूला ठेवते. ज्या लॅबला लिहायचंय, तिचा प्रयोग आधी स्वतः करून बघा म्हणते. जिथं अडेल, तिथून मेल सुरू करा.

बरेच जण त्यानंतर परत येत नाहीत.